नवभारत टेलर्सच्या शकू मास्तर

शकूवहिनींचा आधी मी फक्त हात पाहिला. चेहरा पाहायला पुढं बरीच वर्षं जावी लागली.

रोह्याच्या बाजारपेठेत हैबतराव मरवड्यांचं नवभारत टेलर्स हे दुकान. पुढं दुकान, मागं घर आणि मध्ये फुलाफुलांचा पडदा. हैबतराव शर्ट शिवून झाला की तो पडद्याखालून आत सरकवायचे. थोड्या वेळानं आतून हिरव्या बांगड्यांचा एक हात यायचा आणि काज-बटण होऊन, तुरपाई होऊन शर्ट बाहेर ठेवून जायचा. तो हात हैबतरावांच्या सुनेचा, म्हणजे शकूवहिनींचा. आम्ही पोरं शाळेच्या खाकी हाफ पँटी न्यायला जायचो तेव्हा तेवढंच दिसायचं.

हैबतराव जातीनं शिंपी नव्हते. भातशेती करणाऱ्या घरातले. गिरगावात एका कपडे शिवणाऱ्याकडं राबून कटिंग शिकले आणि देश स्वतंत्र झाल्यावर पुढच्याच वर्षी एक मशीन घेऊन गावी परतले. भाऊबंद म्हणाले, नांगर सोडून सुई धरली, आता कुळाचं काय होणार. हैबतरावांनी पाटीवर ठळक अक्षरांत ‘नवभारत’ रंगवून घेतलं आणि लेंघे, बंड्या, सदरे शिवायला बसले. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, त्याआधी महिनाभर त्यांच्याकडं पाय ठेवायला जागा नसायची. पालखीला नवा सदरा हवा आणि तो हैबतरावांच्याच हातचा हवा, असं आमच्याकडं ठरून गेलं होतं.

शकूवहिनी पेणजवळच्या गडबच्या. घर हमरस्त्याला लागून, मागं भाताची खाचरं. त्यांची आत्या गिरजाबाई पेणला असायची आणि बायकांची पोलकी शिवायची. शकू लहानपणी सुट्टीत आत्याकडं जाऊन राही, तिथंच मशीनवर पाय चालवायला शिकली. हैबतरावांचा एकुलता मुलगा दत्तात्रेय याच्याशी लग्न होऊन ती रोह्याला आली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण शिवणकामाच्या घरात चाललोय, आता मनासारखं शिवायला मिळेल. मिळालं ते काज-बटण. मशीन पुढं, पुरुषांच्या बाजूला. पडद्याच्या आत फक्त सुई.

वहिनींनी कुरकुर केली नाही, पण गप्पही बसल्या नाहीत. घरातल्या जुन्या, विरलेल्या पँटी त्या पोतेऱ्याला घ्यायच्या आधी उसवायच्या. सगळे तुकडे जमिनीवर मांडायच्या, पुढचा भाग कुठला, मागचा कुठला, सीटला कापड तिरकं का घेतलंय, ते बघायच्या. मग पुन्हा जोडायच्या. अशी एक-एक पँट कितीदा उसवली आणि कितीदा जोडली, याला हिशेब नाही. पुढं त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, “भाऊजी, शिवताना काय कळत नाय. उसवताना सगळं कळतं.”

एका पालखीला त्यांनी धीर केला. नवऱ्यासाठी, म्हणजे आमच्या दत्तासाठी, राखाडी टेरिकॉटची पँट रात्री दुकान मिटल्यावर स्वतः कापून मशीनवर शिवली, आणि दत्ता ती घालून दुकानात आला. हैबतरावांनी चष्म्यावरून बघितलं.

“पँट कुणी शिवली?”

दत्ता घाबरट. म्हणाला, “मुंबईची हाय. मित्रानं आणली.”

“काढ आणि आण इकडं.”

हैबतरावांनी पँट उलटी केली. शिलाईच्या आत जे जादा कापड सोडतात, ज्याला आम्ही माया म्हणतो, ते बोटांत धरून पाहिलं. पुढं अंग सुटलं तर पँट सैल करता यावी म्हणून ही माया सोडायची असते.

“मुंबईवाला एवढी माया सोडत नाय,” ते म्हणाले. “मुंबईवाल्याला गिऱ्हाईक परत भेटायचं नसतं.”

एवढं बोलून त्यांनी पँट दत्ताच्या हातात दिली. पण दुसऱ्या दिवशी पडद्याखालून शिवलेला शर्ट आत गेला नाही. खडूनं आखलेलं, न कापलेलं कापड गेलं आणि त्याच्यावर ठेवलेली कात्री.

पुढची काही वर्षं अशी गेली. कापायच्या वहिनी, दुकान मिटल्यावर पुढं येऊन शिवायच्या वहिनी, नाव हैबतरावांचं. गिऱ्हाइकाला पत्ता नव्हता.

मग शेजारच्या धाटावला रसायनांचे कारखाने आले. आमच्या रोह्याची चालच बदलून गेली. सकाळी सातची शिफ्ट, तीनची शिफ्ट, सायकली, कंपनीच्या बसगाड्या, अंगाला येणारे तऱ्हेतऱ्हेचे वास. शेतातून पोरं उठली आणि गेटवर उभी राहिली. मीही त्यातलाच. दत्ताचं दुकानात मन कधी रमलं नव्हतं. त्याला माझ्याच कंपनीत, माझ्याच शिफ्टला नोकरी लागली, आणि महिन्याच्या महिन्याला पगार, बोनस, कँटीनचा चहा यात तो सुखानं विरघळला.

आणि त्याच सुमारास हैबतरावांचे डोळे गेले. मोतीबिंदू. सुईत दोरा जाईना, टेपवरचा आकडा दिसेना. दुकान भाड्यानं द्यावं असं दत्तानं सुचवलं, एक भांडेवाला बघूनही गेला.

त्या संध्याकाळी वहिनी पडद्याच्या बाहेर आल्या. सासऱ्यांसमोर उभ्या राहिल्या.

“मामंजी, चावी माझ्याकडं द्या.”

“आणि माप कोन घेईल?” हैबतराव म्हणाले. “बाईमाणसानं बापयांच्या कमरेला टेप लावायचा? बाजारपेठ हसंल गो पोरी.”

“टेप तुम्ही धरा. आकडा मी वाचते.”

हैबतरावांनी चावी काढून पुढं केली. म्हणाले, “हे जमंल.”

आणि जमलं. गिऱ्हाईक आलं की हैबतराव उठायचे, चाचपडत टेप खांद्याला लावायचे, छातीभोवती घ्यायचे, कमरेला घ्यायचे, आणि वहिनी एक हात अंतरावर उभ्या राहून आकडा वाचून लिहून घ्यायच्या. त्यांचे हात आणि यांचे डोळे. लोकांना गंमत वाटली, पण अडचण कुणाला वाटली नाही. कपडा मात्र पूर्वीपेक्षा चांगला बसायला लागला होता, हे हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं. बेलबॉटमचा जमाना होता तो. हैबतरावांना तो प्रकार म्हणजे घागरा वाटायचा, शिवायला नको म्हणायचे. वहिनींनी पहिली बेलबॉटम कापली आणि कॉलेजातली पोरं दुकानावर तुटून पडली.

मग हैबतराव डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी अलिबागला गेले. दुकानात वहिनी एकट्या. नेमका तेव्हाच काळू आला.

काळू हा नदीपलीकडच्या कातकरी वाडीतला. उन्हाळ्यात कोळशाच्या भट्टीवर जायचा, पावसात लोकांच्या शेतावर. त्याला धाटावला कंत्राटदाराकडं काम लागलं होतं, पण गेटवरचा वॉचमन पंच्यावर आत सोडत नव्हता. काळूच्या हातात खाकी कापडाचा तुकडा होता, अंगावर पंचा.

“मास्तर नाय?” त्यानं विचारलं.

“अलिबागला गेलेत. आठवड्यानं येतील. तोवर जुनी पँट असंल तर आणून द्या, त्याच्यावरनं शिवते.”

काळू हसला. “जुनी आसती तं नवी कशाला शिवली आसती? मला पँटच नाय, बाय. कवा घातलीच नाय. उद्या गेटवर उभं ऱ्हायचं हाय.”

वहिनी टेप हातात घेऊन उभ्या राहिल्या. रस्त्यावरून माणसं जात होती. समोरचा किराणावाला बघत होता.

काळूनं दोन्ही हात बाजूला पसरले. “घे ना माप. कापडाला काय समजतंय, बाय हाय का बाप्या हाय?”

वहिनींनी माप घेतलं. कंबर, सीट, मांडी, उंची. दुसऱ्या दिवशी सकाळी काळू ती पँट घालून धाटावच्या गेटवर उभा राहिला. मी समोरच होतो. वॉचमननं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत सोडलं. काळू आत गेल्यावर मागं वळला आणि पुन्हा गेटबाहेर आला, पुन्हा आत गेला. वॉचमननं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “काय नाय. बघत होतो.”

बाजारपेठ हसली का? थोडी हसली. पण हैबतराव अलिबागहून जाड भिंगाचा चष्मा लावून परतले तेव्हा त्यांना दिसलं, की दुकानात सून गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावून उभी आहे आणि बाहेर दोघं आपली पाळी यायची वाट बघत बसलेत. ते आत गेले, चहा मागितला आणि खुर्चीवर बसून राहिले. पुढं त्यांनी मापाचा टेप पुन्हा हातात घेतला नाही.

यानंतर घडलं तेही माझ्या डोळ्यांसमोर, आमच्याच कंपनीच्या गेटवर.

कंपनी आम्हाला युनिफॉर्म द्यायची. मुंबईचा कुणी कंत्राटदार होता, तो लहान, मध्यम, मोठा अशा तीन मापांत गठ्ठे पाठवायचा. माझी पँट घोट्याच्या वर राहायची आणि बाह्या बोटांच्या खाली जायच्या. आम्ही त्यावर विनोद करायचो. मग एक दिवस केरू नावाच्या आमच्या सोबत्याची सैल बाही फिरत्या शाफ्टमध्ये अडकली. शेजारच्यानं बटण दाबून मशीन थांबवलं म्हणून केरूचा हात वाचला, पण मनगटाचं हाड मोडलं. युनियननं सांगितलं, अंगाच्या मापाचे कपडे मिळाल्याशिवाय मशीनला हात लावणार नाही. साहेब समजूतदार होते. म्हणाले, इथलाच कुणीतरी शिंपी बघा, प्रत्येकाचं माप घेऊ दे. मार्चमध्ये सुरक्षा दिन असतो, त्याच्या आधी कपडे हवेत.

दत्तानं ही बातमी घरी सांगितली ती जेवताना, सहज. वहिनी म्हणाल्या, “मी करते.”

दत्ताचा घास हातात राहिला. “तू यात पडू नको.”

“का?”

“दुकानात येतात त्यांची गोष्ट येगळी. हितं माझ्या बरोबरीची माणसं हायत. त्यांच्या कमरेला तू गेटवर टेप लावणार? उद्या मी शिफ्टला तोंड कसं दाखवू?”

“तुमच्या बरोबरीच्यांचे हात मशीनीत जातायत,” वहिनी म्हणाल्या, “ते बघून दाखवताच ना तोंड?”

दत्ता ताटावरून उठला. मला त्यानं कँटीनमध्ये हे सगळं सांगितलं आणि विचारलं, तुझी बायको असती तर? मी म्हणालो, माझ्या बायकोला बटण लावता येत नाही, मला काय विचारतोस.

वहिनींनी साहेबांना भेटून काम घेतलं. साहेबांची अट एकच, माप गेटच्या बाहेर घ्यायचं, शिफ्ट सुटताना आणि भरताना. गेटजवळ एक मोठं काजूचं झाड होतं. त्याखाली त्यांनी टेबल मांडलं. नाकी डोळी नीटस, कपाळाला ठसठशीत कुंकू, पदर खोचलेला, गळ्यात टेप. तीन वाजता पहिली शिफ्ट सुटली आणि दुसरी भरायला आली, म्हणजे दोन्हीकडची माणसं एकत्र. सगळे लांबच थांबले. कुणी विडी पेटवली, कुणी सायकलीची घंटी उगाच वाजवली. पुढं कुणी येईना. वहिनी टेबलापाशी उभ्या, चेहऱ्यावर काही नाही, पण टेपचं टोक बोटाला गुंडाळत होत्या तेवढं मला दिसलं.

आणि गर्दीतून दत्ता पुढं आला. सगळ्यांच्या देखत टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

“पहिलं माप माझं घे,” तो म्हणाला.

वहिनींनी त्याच्याकडं क्षणभर बघितलं. “तुमचं माप पाठ हाय मला.”

“तरी घे. बघू दे सगळ्यांना.”

त्यांनी घेतलं. छाती, बाही, मनगट, कंबर, उंची, मोठ्यानं आकडे वाचत. त्याच्यामागं मी उभा राहिलो. माझ्यामागं रांग लागली. गोविंदा नावाचा आमच्यातला एक चावट होता, तो टेप काखेत आल्यावर अंग चोरून म्हणाला, “वहिनी, गुदगुल्या होतात.”

“मग हसून घ्या,” वहिनी म्हणाल्या. “हसल्यावर छाती केवढी फुगते ते पण बघते, तेवढी माया जास्त धरीन.”

अख्खी रांग हसली, गोविंदाही हसला, आणि त्यानंतर कुणाला काही वाटलं नाही. केरू पट्टीत बांधलेला हात घेऊन आला, तेव्हा वहिनींनी त्याच्या मनगटाचं माप दोनदा घेतलं.

माप घेणं सोपं, शिवायचं कसं? दुकानात माणसं दोन. वहिनी नदीपलीकडं वाडीत गेल्या. काळूची थोरली मुलगी पारी लग्नाची झाली होती, हाताला चलाख. वहिनींनी काळूला विचारलं आणि त्यानं पोरीलाच विचारायला सांगितलं. पारी आली. तिच्यासोबत बायजा नावाची एक विधवा आली, मग आणखी काहीजणी. मशीनं नागोठण्याहून, पेणहून भाड्यानं आणली, गिरजाबाई आत्यानं तर स्वतःचं मशीन टेम्पोत घालून पाठवलं. मधला तो फुलाफुलांचा पडदा वहिनींनी जागा अपुरी पडते म्हणून काढून टाकला, त्याच्या पिशव्या शिवल्या.

हैबतराव तपासनीस झाले. प्रत्येक बाही दोन्ही हातांनी ओढून बघायचे. शिलाई उसवली की सून असो की पारी, कपडा परत. पारीची पहिली कॉलर त्यांनी इतक्यांदा परत केली की ती रडकुंडीला आली. म्हणाली, “मी भट्टीवर जाते. कोळसा परत येत नाय.” हैबतराव म्हणाले, “रड, पन टाका बारीक घाल.” संध्याकाळी त्यांनीच तिला जवळ बसवून कॉलरची टोकं कशी काढायची ते दाखवलं. ती नंतर सगळ्यांत सरळ कॉलर बसवायला लागली.

सुरक्षा दिनाला आम्ही सगळे निळ्या गणवेशात मैदानावर उभे होतो. बाही मनगटाशी थांबलेली, पँट बुटावर टेकलेली. आपल्याला कुणीतरी मापात घेऊन शिवलंय, हे अंगाला कळत होतं. आम्ही ताठ उभे होतो, आणि त्याला भाषणाची गरज पडली नव्हती. साहेबांनी वहिनींना स्टेजवर बोलावलं, नारळ दिला. टाळ्यांमध्ये सगळ्यांत मोठा आवाज दत्ताचा होता. पुढच्या वर्षी शेजारच्या दोन कंपन्यांनी काम दिलं, आणि मग ते वर्षानुवर्षं चालूच राहिलं.

सुरक्षा दिनाच्याच आठवड्यात परगावचा एक गृहस्थ दुकानात आला आणि हैबतरावांना नमस्कार करून म्हणाला, “मास्तर, सफारी शिवायचाय.” हैबतरावांनी वहिनींकडं बोट केलं. “मास्तर त्या. मी हितं शिलाई ओढायला हाय.”

हैबतराव पुढं काही वर्षांनी गेले. शेवटपर्यंत त्यांनी सदरा घातला तो सुनेच्या हातचा.

आता असं वाटेल की इथून पुढं सगळं सरळ झालं. तसं नाही. रेल्वे आली, पनवेल-मुंबई जवळ आली आणि मुंबईचा तयार माल गाडीत बसून रोह्याला आला. रेडीमेड शर्ट, जीन्स, टी-शर्ट. पोरं माप द्यायला येईनात. आठवडाभर थांबायला कुणाला वेळ नव्हता. पाठोपाठ आमच्या कंपनीचं दार बंद झालं. आम्ही ऐन पन्नाशीत घरी बसलो, दत्ताही बसला. युनिफॉर्मचं काम आटलं. पारी, बायजा सकाळी येऊन रिकाम्या मशीनपुढं बसायच्या. रोह्यातली जुनी शिंप्याची दुकानं एकेक करून बंद होत होती.

दत्ता घरी बसून चिडचिडा झाला होता. एक दिवस वहिनींनी त्याच्यापुढं सुई-दोरा आणि शर्ट ठेवला. “काज करा.”

“मी?”

“मी शिकले, तुम्हालाबी जमंल.”

त्याला जमलं. वाकडी काजं करत करत सरळ यायला लागली. आणि माणूस ताळ्यावर आला.

स्टँडजवळ रेडीमेडचं एक मोठं दुकान झालं होतं, बाहेरगावचा तरुण मालक. वहिनींनी तिथं जाऊन नुसती गर्दी पाहिली. पोरं जीन्स घालून बघत होती आणि निम्मी परत ठेवत होती. कंबर बसली तर पाय लांब, पाय बसला तर कंबर सैल. वहिनी सरळ मालकाकडं गेल्या.

“तुझ्या ओट्यावर माझी एक मशीन ठेवू दे.”

“म्हणजे माझं गिऱ्हाईक तुम्ही पळवणार, मावशी.”

“तुझं गिऱ्हाईक परत जातंय, ते थांबवते.”

दत्ताला हे आवडलं नाही. “दुसऱ्याच्या मालाला टाके घालायचे? आपण मास्तर ना?”

“अंगाला बसवतो तो मास्तर,” वहिनी म्हणाल्या. “कापड कुनाचं, ते कोन विचारतंय?”

पारी ओट्यावर बसली. जीन्स घ्या, तिथंच उभं राहा, चहा पिऊन होईपर्यंत पाय तुमच्या मापाचा. मालकाचा खप वाढला. त्याहून मोठी गोष्ट अशी, की ज्यांना नवभारत टेलर्स माहीतही नव्हतं अशी पोरं पारीच्या हाताची सफाई बघून विचारायला लागली, ताई, तुम्ही अख्खा शर्ट शिवता का? लग्नाचा सूट शिवता का? वर्षाच्या आत वहिनींनी आपल्याच दुकानाची अर्धी बाजू रेडीमेडला दिली, पाटीवर ‘मेन्स वेअर’ वाढवलं आणि घेतलेला कपडा तिथल्या तिथं अंगाला बसवून द्यायला सुरुवात केली. उरलेल्या अर्ध्या बाजूला सूट, सफारी, शेरवानी. ढेरपोटे, बुटके, एक खांदा पडलेले, ज्यांना तयार माल कधीच होत नाही असे सगळे पुरुष तालुक्यातून त्यांच्याकडं यायला लागले. असे पुरुष पुष्कळ असतात.

वहिनींची मुलगी मालू पेणला दिली होती. तीही कात्री धरणारी. तिच्या सासरच्या घराला रस्त्याकडची एक मोठी खोली होती, भात साठवायला वापरायचे. मालूला तिथं दुकान घालायचं होतं, पण सासूबाई कृष्णाबाई तयार नव्हत्या. वहिनी बोलणं करायला गेल्या.

“आमच्या सुनेनं बापयांची मापं घ्यायची नाय,” कृष्णाबाईंनी चहा द्यायच्या आधीच सांगून टाकलं.

वहिनींनी वाद घातला नाही. कृष्णाबाईंचे यजमान ओसरीवर बसले होते. भलं मोठं पोट, त्यामुळं आयुष्यभर नाडीचा लेंघा. वहिनी म्हणाल्या, “विहिणबाई, व्याह्यांसाठी एक पँट शिवू का? तुमच्या समोरच माप घेते.” मालूकडून टेप घेतला, मालूनं आकडे लिहिले. चार दिवसांनी पँट आली. व्याह्यांनी ती घातली, शर्ट आत खोचला, ‘जरा तंबाखू घेऊन येतो’ म्हणाले आणि तासभर आले नाहीत. परतले ते अख्ख्या बाजारातून हिंडून. ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून बोलले होते. आरशापुढं जाऊन पुन्हा एकदा बाजूनं उभं राहून बघितलं.

कृष्णाबाईंनी रस्त्याकडच्या खोलीचं दार उघडून आत पाहिलं. म्हणाल्या, “त्या खोलीतलं भात माळ्यावर चढवायला गडी सांगायला लागतील.”

पेणच्या दुकानाचं उद्घाटन कुणा पुढाऱ्याकडून करावं असं जावयाचं मत होतं. वहिनींनी फीत कापायची कात्री पारीच्या हातात दिली. पारीच त्या दुकानाची मुख्य कटर. कापड म्हटल्यावर सवयीनं कात्री सरळ गेली. पाटीवर खाली लिहिलंय, ‘मास्तर : पारी वाघमारे’. सुरुवातीला लोक आत येऊन विचारायचे, मास्तर कुठं गेले? पारी टेप गळ्यात टाकून म्हणायची, “बोला.”

माझ्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं, मुलगी पेणची. सूट तिथंच शिवायचा असं त्यानं मला परस्पर सांगून टाकलं. शकूवहिनीही त्या दिवशी निघाल्या होत्या, म्हणून आम्ही सकाळच्या गाडीनं सोबत गेलो. वय झालंय, गुडघे दुखतात, पण खिडकीशी बसून समोरच्या बाकावरच्या माणसाचा शर्ट खांद्यात चुकलाय हे त्यांनी मला दोन स्टेशनं जायच्या आत सांगितलं.

लग्नसराई होती. दुकानापर्यंत पोचलो तर पायरीवर चपलांचा ढीग. जित्याहून आलेलं एक वऱ्हाड, गडबचा एक नवरदेव त्याच्या तीन भावांसकट, कुणी ट्रायलला, कुणी मापाला, मालू कापड उलगडून दाखवतेय, मागं मशीनं धडधडतायत. पारीनं मान वर करून पाहिलं आणि लगबगीनं उठली.

“बसा ना, मावशी.”

“बसू कुठं?” शकूवहिनी म्हणाल्या. “जागा तरी ठेवलीस का?”

खरंच जागा नव्हती. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, पदर खोचला, खुंटीवरचा टेप गळ्यात घातला आणि गडबच्या नवरदेवाला म्हणाल्या, “हात बाजूला करा, बाबा. श्वास रोखू नका. जसे आहात ना, तसंच माप द्या.”